पायपेटीच्या पोटातला दात

मित्रांनो, आधी तो ओला हातमोजा माझ्या डोक्यावरून उचला, मग बोलू. हं, आता कसं बरं वाटलं! मी पायपेटी आहे, कपडे वाळत घालायची दोरी नाही. पण पहिलीच्या पोरांना हे कितीही सांगा, पालथ्या घड्यावर पाणी. शिवाय मला सांगता कुठे येतं? माझ्याकडे सूर आहेत, शब्द नाहीत. आज तुम्ही भेटलात म्हणून तोंड उघडलं, आणि आता मी थांबणार नाही.

जुनी म्हणाल तर मी पुष्कळ जुनी आहे. अंग ओकच्या लाकडाचं, पट्ट्या हाडाच्या, पोटात भाता. खाली दोन फळ्या आहेत. त्या पायांनी आळीपाळीने दाबल्या की भात्यात हवा खेळते आणि मी गाते. शहरातल्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. तिथून आगगाडीने आले, आणि शेवटचा टप्पा घोड्याच्या घसरगाडीवरून, गोठलेल्या तळ्यावरून. फिनलंडच्या पूर्वेला, त्या तळ्याच्या काठी, आमची पिवळी लाकडी शाळा आहे. मला पहिलीच्या वर्गात खिडकीपाशी ठेवलं आणि तेव्हापासून मी तिथेच आहे.

काय दिवस होते ते! कार्लो मास्तर होते तेव्हा. रोज सकाळी माझ्या सुरावर वर्ग सुरू व्हायचा. नाताळात सगळं गाव मला ऐकायला यायचं. बायका माझ्या लाकडाला हात लावून बघायच्या आणि म्हणायच्या, काय पॉलिश आहे. मी फुगून जायचे. खोटं कशाला बोलू, मला कौतुक फार आवडतं.

मग एक दिवस माझी एक पट्टी रुसली. मधला पंचम, पांढरी पट्टी. दाबली तर दबेचना. का, ते मला पक्कं ठाऊक होतं, पण मला विचारतो कोण? कार्लो मास्तर त्या पट्टीवर बोट आपटून आपटून थकले आणि मग तिला वगळून वाजवू लागले. आता गंमत ऐका. शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागते त्या दिवशी आमच्या गावात एक गाणं म्हणतात. त्याच्या दुसऱ्या ओळीत नेमका तो पंचम येतो. पेटी तिथे गप्प, म्हणून पोरंही तिथे गप्प. एक घोट गिळायचा आणि पुढे जायचं. ती पोरं मोठी झाली, त्यांची पोरं शाळेत आली, त्यांनीही घोट गिळला. गाणं असंच आहे अशी सगळ्या गावाची समजूत झाली. शेजारच्या गावची माणसं लग्नात हे गाणं सरळ म्हणायला लागली तर आमची माणसं त्यांना हसली, म्हणाली, यांना साधं गाणं येत नाही.

आता पहिलीला शिकवणाऱ्या राकेल बाई इथे नवीन आल्या तेव्हा त्यांनाही वाटलं, या गावची रीतच असेल. त्याही घोट गिळायला शिकल्या.

आता त्या गुरुवारकडे येते. फेब्रुवारी महिना होता. सकाळी बाहेर मिट्ट काळोख आणि नाकातलं पाणी गोठेल अशी थंडी. पोरं एकेक करून चालत येत होती, पाठीवर दप्तर, जाकिटाला चमकणारी पट्टी. बाहेर बूट काढायचे, जाड विजारी टांगायच्या आणि लोकरी मोजे घालून वर्गात यायचं. राकेल बाई दारात उभ्या राहून प्रत्येकाचं नाव घेऊन त्याला आत घेतात. रोजच. कोण झोपेत आहे, कोण भांडून आलंय, कुणाला ताप आहे, ते त्यांना दारातच कळतं.

ताइमी दारात आली ती बोटाने दात हलवतच. इथे तुम्हाला आमच्या वर्गाचा नियम सांगायला हवा. पहिलीत दात पडतात, सगळ्यांचेच पडतात. आमच्या वर्गात दात पडला की तो हातात घेऊन सगळ्यांना दाखवायचा. मग भिंतीवरच्या माळेत तुमच्या नावाचा कागदी दात लागतो. आणि मग तुम्ही सांगाल ते गाणं सगळा वर्ग तुमच्यासाठी म्हणतो. पण खरी मजा पुढेच आहे. ज्याचा दात पडला तो बाईंच्या शेजारी माझ्यासमोर बसतो आणि स्वतःच्या पायांनी भाता मारतो. त्या एका गाण्यापुरता माझा श्वास त्याच्या पायात असतो. पोरं त्यासाठी जीव टाकतात. भिंतीवरच्या माळेत सगळ्यांची नावं होती, एक ताइमी सोडून. ओइवाचे तर इतके दात पडले होते की त्याला पाव खाताना विचार करावा लागायचा.

ताइमी दर वेळी दुसऱ्यांसाठी गायची. मनापासून गायची, पण गाणं संपलं की माझ्या फळ्यांकडे बघत राहायची. मला ते दिसायचं.

सगळे जागेवर बसल्यावर राकेल बाईंनी बातमी सांगितली. शाळा सुटली की गावात सामान वाहणाऱ्या तौनोकाकांची गाडी येणार आणि पायपेटीला घेऊन जाणार. हेडमास्तर इल्मो यांनी ठरवलं होतं. माझा एक सूर मुका, मी जागा अडवते, आणि विजेवर चालणारी नवी पेटी तर केव्हाच आली होती. ती माझ्या शेजारीच उभी होती, चपटी, काळी, तोऱ्यात.

ताइमीने हात वर केला.

"बाई, आणि माझा दात?"

"पडला की तुझं गाणं म्हणूच की," बाई म्हणाल्या. "विजेच्या पेटीवर वाजवीन मी."

"पण तिला पाय मारायला जागाच नाही," ताइमी म्हणाली.

बाईंनी फळ्याकडे तोंड केलं आणि तास सुरू केला. पण ओइवा मागे वळून ताइमीला म्हणाला, "घाबरू नको. आजच पाडू."

आणि मित्रांनो, सुरू झाला की हो दंगा! अख्खा वर्ग त्या एका दाताच्या मागे लागला.

पहिला तास अक्षराचा. त्या दिवसाचं अक्षर असं होतं की ते म्हणायला ओठांचा चंबू करावा लागतो आणि जीभ पुढे ढकलावी लागते. बाई हवेत बोटाने अक्षर काढत होत्या, पोरं त्यांच्यामागून काढत होती, आणि ताइमी सगळ्यांपेक्षा मोठ्याने ते म्हणत होती, कारण जीभ दर वेळी दातावर आपटत होती. मग गणित. वाळलेल्या वाटाण्यांचे ढीग करून दहापर्यंत बेरजा. ताइमीचं एक बोट वाटाण्यांत आणि एक तोंडात. बाईंनी विचारलं, सात आणि दोन किती? ती म्हणाली, हलतोय. सगळा वर्ग हसला, बाईही हसल्या.

मधली सुट्टी आमच्याकडे बाहेरच असते, थंडी कितीही असो. खिडकीतून मला सगळं दिसत होतं. पोरांनी ताइमीला बर्फाच्या टेकाडावरून पालथं घसरवलं, एकदा, दोनदा, पुन्हा पुन्हा. ओइवाने कुठूनसा दोरा आणला. एक टोक दाताला, दुसरं टेकाडावरून सोडायच्या घसरपाटाला बांधायचं असा त्याचा बेत होता. तेवढ्यात बाई धावत आल्या आणि दोरा खिशात घालून गेल्या.

जेवणाच्या खोलीतलं मला दिसत नाही, पण तिथे काय झालं ते ओइवाने नंतर इतक्या वेळा सांगितलं की मी पाहिल्यासारखं सांगू शकते. गुरुवार म्हणजे वाटाण्याचं सूप आणि वर मुरांब्याबरोबर धिरडं. मऊ सगळं. यात दात कसा पडणार? म्हणून ओइवा सूप वाढणाऱ्या लेंपीमावशींकडे गेला आणि सगळ्यात कडक भाकरी मागितली. आमच्याकडे राईची कुरकुरीत भाकरी असते, तिचा कोपरा म्हणजे दगड. मावशींनी कारण विचारलं. कारण कळल्यावर त्या आत गेल्या आणि मुद्दाम शोधून, डब्याच्या तळातली भाकरी घेऊन आल्या. ताइमीने डोळे मिटून चावा घेतला. कट्‌ असा आवाज झाला म्हणे. दात पडला नाही, पण आता तो एका धाग्यावर लोंबत होता.

शेवटचा तास गाण्याचा होता. बाहेर उजेड मावळायला लागला होता. बाई माझ्यासमोर बसल्या. शेवटचं म्हणून पोरांनी तेच उन्हाळ्याचं गाणं मागितलं, बाहेर कमरेएवढा बर्फ असताना. ताइमी माझ्या अगदी जवळ उभी होती, तिचं तोंड माझ्या पट्ट्यांच्या वर. पहिली ओळ झाली. दुसरी ओळ आली. घोट गिळायची जागा आली आणि सगळ्या वर्गाने घोट गिळला. ताइमीने गिळला, मग पुढचा शब्द म्हणायला तोंड उघडलं, आणि दात टुपकन माझ्या पट्टीवर पडला.

पडला! अख्खा वर्ग ओरडला. ओइवा तर बाकावर चढला. आणि त्याच क्षणी तो दात घरंगळला आणि दोन पट्ट्यांच्या फटीतून माझ्या पोटात गेला.

ताइमीने हात पुढे केला होता, तो तसाच राहिला, रिकामा. नियम तिलाही माहीत होता. दात हातात पाहिजे.

बाई तिला जवळ घेऊन म्हणाल्या की नियम राहू दे, आम्ही सगळ्यांनी पडताना पाहिलाय, चल बस, गाणं म्हणू. ताइमीने मान हलवली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसतही नव्हती.

"तो आत आहे," ती म्हणाली. "आणि ही आता गाडीत जाणार."

बाईंनी घड्याळाकडे बघितलं. मग बाहेर गेल्या आणि सुतारकामाच्या खोलीतून स्क्रू ड्रायव्हर घेऊन आल्या, मूठभर. आमच्या शाळेत पहिलीची पोरंही करवत चालवतात, त्यामुळे स्क्रू ड्रायव्हर बघून कुणी दचकलं नाही. बाईंनी मागचं झाकण दाखवलं. पोरं पालथी पडून, गुडघ्यांवर बसून, एकमेकांच्या अंगावर रेलून माझे स्क्रू काढू लागली. मला गुदगुल्या होत होत्या हो! इतक्या वर्षांत माझ्या आत कुणी डोकावलं नव्हतं. जो तो माझ्यावर कपडे टाकायचा किंवा मला ढकलायचा, पण आत काय आहे, ते बघायचं कुणाला सुचलं नव्हतं.

नेमके तेव्हाच हेडमास्तर इल्मो दारात आले, मागे तौनोकाका. वर्गभर माझे तुकडे मांडलेले.

"राकेल, हे काय चाललंय?" हेडमास्तरांनी विचारलं. "गाडी दारात उभी आहे."

"तास चालू आहे," बाई म्हणाल्या आणि पुढचा स्क्रू काढला.

तौनोकाका म्हणजे धिप्पाड गडी. त्यांनी पोराची एक खुर्ची ओढली आणि गुडघे हनुवटीला टेकवून तिच्यावर बसले. मला घाई नाही, म्हणाले, गाडीत दुसरं कुणी रडत बसलेलं नाही. हेडमास्तरांनी त्यांच्याकडे रागाने बघितलं आणि मग स्वतःही भिंतीला टेकून उभे राहिले.

पट्ट्या एकेक करून वर आल्या. आत काय काय निघालं म्हणून सांगू! पेन्सिलीचं टोक, जाकिटाचं बटण, सुकलेला वाटाणा, केसांची पिन, कुणाच्या तरी नाताळच्या चांदणीचा तुकडा. आणि मग ताइमीचा दात, पांढरा स्वच्छ, मुळाशी लालसर. ताइमी किंचाळली. सगळे किंचाळले. ती दात मुठीत घट्ट धरून जागच्या जागी उड्या मारू लागली आणि हेडमास्तरांनी दोन्ही कान झाकून घेतले.

"अजून एक आहे," ओइवा म्हणाला.

त्याचं डोकं माझ्या आतच होतं. मधल्या पंचमाच्या पट्टीखाली, अगदी पाचर मारल्यासारखा, दुसरा दात अडकलेला होता. तपकिरी पडलेला, जुना. बाईंनी चिमट्याने तो ओढून काढला आणि पट्टीवर बोट ठेवलं. पट्टी सहज खाली गेली.

हा कुणाचा, यावर मोठी चर्चा झाली. ओइवाचं म्हणणं की हेडमास्तरांचा असणार, कारण तेही याच शाळेत शिकले. हेडमास्तर म्हणाले, मी माझे सगळे घरी नेले होते. तौनोकाका म्हणाले, माझे तर हॉकीच्या मैदानात आहेत.

मला ठाऊक होतं, मित्रांनो. तो हिल्याचा दात होता. कार्लो मास्तरांच्या वर्गातली शेवटच्या बाकावरची मुलगी. कार्लो मास्तर चांगले होते, पण त्यांचा धाक भयंकर. त्यांनी तिला सूर ओळखायला माझ्यापाशी उभं केलं. भीतीने तिने ओठ चावला, तेवढ्यात दात निसटला आणि माझ्या पोटात गेला. ती काही बोलली नाही. तोंड घट्ट मिटून उभी राहिली. मास्तर म्हणाले, गा. ती गाईना. मास्तर म्हणाले, हट्टी आहेस, जा, बस जागेवर. त्या दिवशी तिने घरी जाईपर्यंत तोंड उघडलं नाही. त्याच वसंतात तिच्या वडिलांना स्वीडनमध्ये कारखान्यात काम मिळालं आणि ती माणसं गाव सोडून गेली. तेव्हापासून माझा पंचम मुका होता.

बाईंनी पट्ट्या परत बसवल्या आणि झाकण लावलं. हेडमास्तरांनी घड्याळ बघितलं आणि एक गाणं चालेल, असं म्हणाले. ताइमी माझ्यासमोर येऊन बसली. तिचे लोकरी मोजे माझ्या फळ्यांवर टेकले. बाईंनी विचारलं, कुठलं गाणं? ताइमीने मूठ उघडली. तळहातावर दोन्ही दात होते, जुनाही तिने मागून घेतला होता.

"आधी याचं," ती म्हणाली आणि तपकिरी दातावर बोट ठेवलं.

"अगं, पण तो कुणाचा ते माहीत नाही आपल्याला."

"ज्याचा असेल त्याचा. त्याचं गाणं राहिलंय. त्याचा नंबर माझ्या आधी आहे."

वर्गात कुणीच याला हरकत घेतली नाही. आमच्याकडे रांग म्हणजे रांग. सुपाच्या भांड्यापाशी, घसरपाटापाशी, सगळीकडे. रांग मोडायची नाही हे पोरांना पहिल्या दिवशी शिकवतात, आणि शिकवतात ते खुद्द हेडमास्तर इल्मो. मग तेच हळूच म्हणाले, "बरोबर आहे तिचं."

कुणाला काय आवडायचं ते माहीत नसल्यामुळे सगळ्यांना येणारं गाणं घ्यायचं ठरलं. तेच, उन्हाळ्याचं. ताइमीने भाता मारला. पोरीच्या पायात केवढा जोर! पहिली ओळ झाली. दुसरी ओळ आली. ती जागा आली आणि सगळ्या वर्गाने सवयीने घोट गिळला. हेडमास्तरांनीही गिळला. पण बाईंनी त्या जागी नुकत्या सुटलेल्या पट्टीवर बोट टेकवलं आणि त्या शांततेत माझा पंचम वाजला. एकटाच. पूर्ण, गोल, भरलेला.

गाणं पुढे जाईना. पोरं एकमेकांकडे बघत राहिली. हेडमास्तर भिंतीपासून दूर झाले आणि माझ्याजवळ आले.

"इथे सूर होता?" त्यांनी विचारलं.

"असणारच," बाई म्हणाल्या.

"परत म्हणा," हेडमास्तर म्हणाले. "पहिल्यापासून."

परत म्हटलं. या वेळी निम्म्या पोरांनी घोट गिळला, निम्म्यांनी सूर लावला, आणि ओइवाने दोन्ही केलं आणि त्याला ठसका लागला. मग ताइमीचं गाणं झालं. तिने कोल्ह्याचं एक धावतं गाणं मागितलं आणि भाता इतका जोरात मारला की बाईंची बोटं मागे पडू लागली. मी घामाघूम झाले असते, पण पेट्यांना घाम येत नाही. आनंद मात्र येतो. माझ्या सगळ्या आयुष्यात मी इतक्या जोरात गायले नव्हते.

तौनोकाका मला उचलायला उठले तेव्हा हेडमास्तर म्हणाले की थांबा. एक सूर मुका म्हणून पाठवत होतो, आता कुठलं कारण सांगू? जागेची अडचण होतीच, म्हणून तौनोकाकांनी विजेची पेटी काखोटीला मारली आणि दुसरीच्या वर्गात नेऊन ठेवली. ती जाताना मी मनातल्या मनात खूप हसले.

भिंतीवरच्या माळेत आता ताइमीच्या नावाचा दात आहे. त्याच्या शेजारी आणखी एक आहे, त्याच्यावर नाव नाही. नवीन पोरं विचारतात, हा कुणाचा? ती विचारतात तेव्हा माझा पंचम कापतो, पण नाव काही सांगता येत नाही.

तुमच्या घरी, तुमच्या वर्गात माझ्यासारखं कुणीतरी असेलच, मित्रांनो. एखादं घड्याळ, एखादी सायकल, एखादा रेडिओ. ते गप्प झालं तर लगेच बिघडलं म्हणून टाकू नका. झाकण काढा, आत हात घाला, काय अडकलंय ते बघा. आणि वर्गात एखादं पोर तोंड मिटून बसलं असेल, तर त्याला हट्टी म्हणायच्या आधी त्याच्याजवळ जाऊन विचारा. हिल्याला त्या दिवशी कुणी एवढंच म्हणायला हवं होतं, काय झालं गं? तिने तोंड उघडून दाखवलं असतं, आणि आम्हा दोघींचं गाणं इतकी वर्षं अडलं नसतं.